समस्त मित्रपरिवार

मोठबा २००६ साली पावसाळ्यात गेला. पुण्यानुमोदनाची पत्रिका मी लिहिली. वाड्यात मास्तर मीच, अक्षर बरं, म्हणून असली कामं माझ्याकडंच येतात. वर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली मोठबाचा फोटो, त्याच्या खाली 'शोकाकुल'. मुलं, सुना, नातवंडं, पुतणे, जावई, सोयरे. देवणीपासून पार भालकीपर्यंतचे सोयरे मी आठवून आठवून घातले. दहा वर्षांत ज्यांनी मोठबाला पाणी विचारलं नव्हतं, त्यांचीही नावं घातली. शेवटी 'व समस्त मित्रपरिवार' असं लिहून कागद उदगीरला छापायला धाडला.

एक नाव त्यात नव्हतं. मोठबाबरोबर मुंबईत सोळा वर्षं एका खोलीत आणि देवणीत तेवीस वर्षं एका छपराखाली जो माणूस राहिला, तो समस्त मित्रपरिवारात गेला. मी विसरलो होतो असं नाही. पेन तिथं येऊन थांबलं होतं. शोकाकुलच्या यादीत प्रत्येक माणूस मेलेल्याचा कोण तरी असावा लागतो. ह्यांना काय लिहायचं?

दोस्तहो, हा मजकूर एका नाटकाबद्दल आहे. पण आधी माणसं सांगावी लागतील, त्याशिवाय नाटक कळायचं नाही.

मोठबा, म्हणजे माझ्या बापाचा थोरला भाऊ, १९६६ साली मुंबईला गेला. तेव्हा देवणी उदगीर तालुक्यात, जिल्हा उस्मानाबाद. एसटीनं लातूर, लातूरहून बार्शी लाइटची छोटी गाडी, कुर्डुवाडीला उतरून मोठ्या गाडीचा जनरल डबा. मागं मोठीमाय आणि दोन लेकरं. त्याआधी तो सालगडी होता. आमच्या गावचा बैल महाराष्ट्रात नाव काढून आहे. वानेरा, बालंक्या, शेवरा, नुसत्या अंगातोंडावरच्या काळ्यापांढऱ्यावरून जनावराचा वाण सांगणारी माणसं आम्ही. त्या बैलामागं वर्षभर राबणाऱ्या गड्याला काय मिळायचं ते मात्र कुणी सांगत नाही. काही पोती ज्वारी आणि उधारीची वही, एवढंच.

मुंबईत वरळीची बीडीडी चाळ. एकशे साठ चौरस फुटांची खोली, तिच्यात अकरा जण. बैठकीची खोली म्हणायचे. बायका नाहीत, लेकरं नाहीत. जेवण खानावळीत. ज्याची पाळी गिरणीत त्याची वळकटी भिंतीला, रात्रपाळी करून आलेला तिथंच आडवा. मोठबा रिंगखात्यात बदलीवर लागला. साचेखात्यात मजुरी जास्त, पण तिथं आपल्या लोकांना पूर्वीपासून मज्जाव. धोट्यातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. महाराच्या ओठाला लागलेला धोटा सवर्णाच्या ओठाला कसा लागेल? १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला होता, हे तुम्हाला मी सांगायला नको. मोठबाच्या काळापर्यंत ते बंधन पुष्कळ सैल झालं होतं म्हणतात. तरी तो शेवटपर्यंत रिंगमध्येच राहिला.

त्याच खोलीत १९६७ साली काका आले. महाडकडचे, आपल्यातलेच. बारीक अंगाचे, गळा गोड. १४ एप्रिलला चाळीत नाटक व्हायचं. बाईच्या कामाला बाई मिळायची नाही, तर रमाईचं काम काका करायचे. नऊवारी नेसून स्टेजवर गोवऱ्या थापायचे आणि पुढं बसलेल्या बाया डोळ्याला पदर लावायच्या. हे मोठबा आम्हाला सांगायचा. सांगताना त्याचा आवाज बदलायचा, ते लहानपणीही ध्यानात यायचं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले किती तरी परत आत गेलेच नाहीत. मोठबानं वर्षभर दम काढला, हमाली केली. १९८३ च्या उन्हाळ्यात तो गावी आला. मी आठ वर्षांचा होतो, ओट्यावर बसलो होतो. दोन ट्रंका, दोन वळकट्या, दोन माणसं. मोठीमाय दारात उभी होती. तिनं बघितलं, आत गेली आणि दोन तांबे पाणी घेऊन आली.

त्यांनी उदगीर रस्त्याला सायकलचं दुकान टाकलं. पंक्चर, हवा, ओव्हरहॉल. आम्ही पोरं त्यांना मुंबईचे काका म्हणायचो. गाव 'जोडी' म्हणायचं. जोडी आली का, जोडी जेवली का. बैलाच्या गावात हा शब्द काही वाईट नव्हे, पण बोलणाऱ्याच्या तोंडावर बारीक हसू असायचं. भांडण झालं की मात्र काकांना सरळ 'नाच्या' म्हणायचे. टाकीजमध्ये गणपत पाटील दिसले की आमच्यातलंच एखादं पोरगं ओरडायचं, "मुंबईचे काका!" मीही हसलोय. लपवत नाही.

मोठबा गेल्यावर दोन वर्षांनी, २००८ साली, मी सायकल घेऊन दुकानात गेलो. काका एकटेच. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होते. मान वर न करता म्हणाले, "मास्तर, पत्रिका छान काढली होतीस."

मी गप्प.

"मित्र म्हणून घातलंस, ते खोटं नाही. पण मी समस्त नव्हतो रे."

मग त्यांनी भोक सापडलं तिथं बोट ठेवलं आणि कानसीनं ट्यूब घासायला लागले. घासता घासता बोलले. पहिली दोन वर्षं दोघांच्या पाळ्या वेगळ्या होत्या. एक आला की दुसरा जायचा. अकरा माणसांच्या खोलीत बोलायचं तरी काय? मग एका बदलीवाल्याला तीन रुपये देऊन काकांनी पाळी बदलून घेतली. "त्यानंतर एका वेळी झोपायला लागलो," एवढं म्हणाले. पुढं काही नाही. मीही विचारलं नाही. पंक्चरचे पैसे मात्र त्यांनी घेतले.

२००९ ला त्यांनी आपली ट्रंक उचलली आणि कोकणात भावाच्या पोराकडं गेले. २०१३ ला तिकडून फोन आला, तोही माती होऊन आठ दिवस झाल्यावर. आमच्याकडं कुणी पत्रिका धाडली नाही. कशाला धाडतील?

हे माझ्यात नुसतं पडून होतं. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं तीनशे सत्याहत्तर कलमाचा तो भाग काढून टाकला. ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेब घटना समितीत संविधानिक नैतिकतेबद्दल बोलले होते, ते त्या निकालात आलं. पेपरात ते वाचलं आणि मला सायकलच्या दुकानातली ती ट्यूब आठवली. त्याच दिवाळीत आमच्या वाड्यातला एक पोरगा हैदराबादहून आला, तिथं विद्यापीठात शिकतो. त्याच्याजवळ झेरॉक्सचं एक बाड होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींतल्या मजुरांबद्दल. म्हणाला, "सर, हे वाचा. यात आपली बैठकीची खोली आहे."

तीन रात्री वाचलं. तुम्हालाही थोडं सांगतो, कारण आपण फुल्यांच्या 'गुलामगिरी'पासून अमेरिकेतल्या काळ्यांशी नातं सांगतो, पँथरचं नावही तिकडूनच घेतलं. पण आफ्रिकेतल्या खाणमजुराची खोली काही आपण पाहिलेली नसते.

जोहान्सबर्गजवळ १८८६ साली सोनं सापडलं. खोल खाणी, मजूर हवेत स्वस्त. मोझांबिक, बासुटोलँड म्हणजे आजचं लेसोथो, पाँडोलँड, कुठून कुठून काळे गडी करारावर आणले. बायको आणायची बंदी. राहायला कंपाउंड, म्हणजे भिंतीच्या आतल्या बराकी, सिमेंटच्या नाहीतर लाकडाच्या फळ्यांवर माणसाला माणूस लागून. मालकाला खाणीत उतरणारे हात हवे होते, घरदार नको होतं. त्या कंपाउंडात पुरुषांची पुरुषांशी लग्नं व्हायची. लग्नंच म्हणायचे. त्सोंगा लोकांत त्याला स्वतःचा शब्द होता, बुखोन्त्शाना. वयानं मोठा, अनुभवी मजूर नवा तरुण गडी 'बायको' म्हणून ठेवायचा. तो कपडे धुवायचा, अंथरूण घालायचा, अंथरुणात असायचा. मोठा त्याला पैसा द्यायचा, कपडे द्यायचा. काही ठिकाणी त्या तरुणाच्या भावाला देणंघेणंसुद्धा व्हायचं. तो तरुण तो पैसा साठवून गावी जायचा, जनावरं देऊन बायको करायचा, घर बांधायचा. पुढच्या करारावर खाणीत येताना तो स्वतः 'नवरा' झालेला असायचा.

१९०७ साली तिथल्या गोऱ्या सरकारनं या प्रकाराची चौकशी केली. तेव्हाच्या भाषेत त्याला निसर्गाविरुद्धचा दुराचार म्हटलं. पण कंपाउंड काही मोडले नाहीत. पाप मजुराच्या नावावर आणि सोनं मालकाच्या.

पुढं ऐंशीच्या दशकात विवियन न्दात्शे आणि ब्रिटिश सिबुयी यांनी गावोगावच्या म्हाताऱ्या खाणमजुरांना बसवून विचारलं. टी. डनबर मूडी यांनी त्या दोघांना बरोबर घेऊन ते १९८८ साली छापलं. म्हातारे बोलले. कुणी हसून, कुणी हळहळून. मला त्या बाडातलं हेच सगळ्यात लागलं. मोठबाला मी एकदाही विचारलं नव्हतं. तेवीस वर्षं तो माझ्या घरापासून तीन दारं पलीकडं राहत होता.

पोरगं म्हणालं, "सर, हे तर थेट आपल्या मोठबासारखं."

मी म्हटलं, थांब. सारखं नाही. तिकडं नवरा झालेला माणूस पुष्कळदा खाणीतल्या टोळीचा मुकादम. त्याच्या हातात हलकं काम, मार, पैसा. नव्या पोराला 'नाही' म्हणायची सोय कितपत होती? त्याला नुसतं प्रेम म्हणून मोकळं होता येत नाही. मोठबा आणि काका दोघं बदलीवाले, दोघांच्या पायात सारखीच बेडी. आणि करार संपला, गिरणी संपली, तरी ते एकत्र राहिले. सारखी होती ती खोली. बायकामुलांची जागा आधीच कापून मग माणसं मोजून भरलेली खोली.

असं आमचं दोघांचं नाटक सुरू झालं. म्हटलं, येत्या जयंतीला करू.

नाटक मला नवं नाही. नामांतराच्या शेवटच्या वर्षांत उदगीरच्या कॉलेजात असताना आम्ही चौकाचौकात पथनाट्यं केली. शिव्या खाल्ल्या, दगडही खाल्ले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला त्या रात्री डफ फुटेपर्यंत वाजवला. पण ती नाटकं सोपी होती. पुढं कोण उभा आहे ते माहीत असायचं.

मराठी रंगभूमीनं या विषयाला हातच लावला नाही असंही नाही. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ चं. मी पाहिलं नाही, वाचलंय. कॉलेजातली मुलगी, मुलीवर जीव जडलेली, शेवटी मरते. ताकदीचं आहे. पण माझ्या माणसाला सकाळी भोंगा झाला की खात्यात जायचं आहे आणि महिन्याला मनीऑर्डर करायची आहे. त्याला मरायला सवड कुठली? पांढरपेशा नाटकात हा माणूस आला तर तो नाच्या म्हणून यायचा, दोन घटका हसवून जायचा.

मार्च २०१९. जयंतीच्या तयारीची बैठक, समाजमंदिरात. मी नाटकाची गोष्ट सांगितली. कुणाची ते सांगितलं नाही, पण सगळ्यांना कळलंच. थोडा वेळ फक्त पंख्याचा आवाज.

पहिलं एक तरुण कार्यकर्ता उठला, माझाच विद्यार्थी. "सर, बाबासाहेबांच्या जयंतीला ही घाण?"

त्याला मी १९३४ चा खटला सांगितला. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' चालवायचे. वाचक लैंगिक प्रश्न विचारायचे, समलिंगी संबंधांबद्दलही विचारायचे, कर्वे सरळ उत्तरं छापायचे. सरकारनं अश्लीलतेचा खटला भरला. कर्व्यांच्या बाजूनं वकील म्हणून उभे राहिले ते बाबासाहेब. लोकांना प्रश्न पडतात, शास्त्राला धरून उत्तर देणं म्हणजे अश्लीलता नव्हे, अशी त्यांची बाजू. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. आपल्याच मराठवाड्यातल्या अजित दळवींनी त्यावर नाटक लिहिलं, अतुल पेठ्यांनी २०१७ ला बसवलं. पोरगं खाली बसलं. मला बरं वाटलं. आणि लगेच वाईटही वाटलं, कारण बाबासाहेबांचं नाव काढलं की आपल्यात समोरचा गप्प बसतो. पटलं म्हणून बसतोच असं नाही.

मग आमच्यातले एक आजोबा बोलले. ते कधी आवाज चढवत नाहीत. म्हणाले, "मास्तर, माजा बाप तमाशात ढोलकी वाजवायचा. आमची चुलती नाचायची. पाटील पैसा फेकायचा आन् रातच्याला वाड्यावर बोलवायचा. छप्पनला धम्म घेतला, बापानं ढोलकी इकली. नाचनं सोडलं तवा कुटं मानसात आलाव. आता तू पुन्यांदा सगळ्या गावापुढं आमच्यातला गडी लुगड्यात नाचवणार. हसतीन कोन? आपलेच न्हाईत, गाव हसंल."

याला माझ्याकडं खटला नव्हता. आजही नाही. ते म्हणत होते ते खरं आहे. भीमराव कर्डकांनी १९३१ च्या आसपास आंबेडकरी जलसा उभा केला, तो तमाशाच्याच अंगानं, पण त्यातली शृंगाराची लावणी आणि बाईचं नाचणं बाजूला सारून. आपल्या बाईच्या अंगावर गावाचा हात होता, तो झटकायचा होता. शैलजा पाईक यांनी २०२२ साली तमाशातल्या दलित बायांवर इंग्रजीत मोठं पुस्तक लिहिलं. अब्रूदार होताना आपण त्या बायांनाच कसं दूर केलं, ते त्यात आहे. मला ते तेव्हा वाचायला मिळालं नव्हतं, आणि मिळालं असतं तरी त्या म्हाताऱ्यापुढं मी ते काढलं नसतं.

मी एवढंच म्हटलं, "आजोबा, काका लुगड्यात नाचले न्हाईत. रमाई झालते. वरळीत. जयंतीला."

आजोबा माझ्याकडं बघतच राहिले. म्हणाले, "रमाई? त्यो?" मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

शेवटी दादा उठला. मोठबाचा थोरला मुलगा. त्यानं फक्त एक वाक्य म्हटलं, "माझ्या पोरीची सोयरीक चालू आहे." आणि बाहेर गेला. बैठक तिथंच संपली. नाटक जयंतीत नको असं ठरलं.

आता सायमन न्कोलीचं सांगतो. १९८४ साली दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषाविरुद्धच्या आंदोलनात तो पकडला गेला. काळा, तरुण, चळवळीतला. डेल्मासच्या राजद्रोहाच्या खटल्यात बावीस जण आरोपी, शिक्षा फाशीपर्यंत जाऊ शकते. तुरुंगात त्यानं सोबत्यांना सांगितलं की मी समलिंगी आहे. काही जण चिडले. याच्यामुळं आपला खटला बदनाम होईल, याला वेगळा काढा. महिनोन् महिने वाद चालला. तो हलला नाही, आणि शेवटी सगळे एकत्रच उभे राहिले. सुटल्यावर १९९० साली त्यानं जोहान्सबर्गमध्ये मोर्चा काढला. १९९६ च्या त्यांच्या संविधानात लैंगिक कलावरून भेदभाव करायला बंदी आली. असं कलम जगात आधी दुसऱ्या कुठल्याच देशाच्या संविधानात नव्हतं. तो १९९८ ला गेला. २०२३ ला तिथल्या मार्केट थिएटरात त्याच्या आयुष्यावर संगीत नाटक झालं.

हे सगळं मी दादाला सांगायला गेलो. दादानं ऐकून घेतलं. म्हणाला, "तो स्वतः बोलला. माझा बाप बोलला का? तू कोण त्याच्या वतीनं बोलणारा?"

खरं सांगतो, मी तोंडात मारल्यासारखा परत आलो. येताना मोठीमाय ओट्यावर निवडत बसली होती. पंचाहत्तरीची, नजर शाबूत. म्हणाली, "काय नाटक करायलास म्हनं. बस."

बसलो.

"कुनाचं?"

"मोठबाचं आन् काकाचं."

"मग मला इचारलास का?"

मी म्हटलं, मोठीमाय, तुला माहीत होतं?

"मला काय कळंना व्हय? धुनं मीच धुवायचे की दोघांचं." सुपातले खडे वेचत म्हणाली, "सोळा साल मनीऑर्डर आली, मानूस न्हाई आला. शिमग्याला चार दीस यायचा, पावन्यावानी. आन् आला तवा दोघं आले. मला कुनी इचारलं न्हाई, ह्यांला घरात घिऊ का म्हनून. दादाच्या बापाला वाटलं बायकू हाय, घील."

"राग आला नाही?"

"आला की. लै आला. वरीसभर बोलले न्हाई म्या त्याच्यासंगं. काडू कुनावर? त्यो बी परक्या गावात आलता, त्येला बी कोन व्हतं?" मग थांबली. "तुझ्या मोठबाचा हात सुटायचा आधी. त्यो आला, मग न्हाई सुटला. हे बी खरं हाय."

मी उठायला लागलो तर तिनं माझं मनगट धरलं.

"बहात्तरच्या दुस्काळात खडी कुनी फोडली? दोन लेकरं घिऊन, सुकडी खाऊन. हाताला हे बग, आजून हाय. ते नाटकात हाय का?"

नव्हतं. माझ्या नाटकात मोठीमाय एकदाच यायची, दोन तांबे पाणी घेऊन. त्या प्रवेशावर मी खूष होतो. त्या रात्री झेरॉक्सचं बाड पुन्हा काढलं. खाणमजुरांच्या बायका गावाकडं शेतं कसायच्या, घर धरून ठेवायच्या, म्हणून तर गड्याला परत यायला घर असायचं. ती पानं मी पहिल्या वेळी भराभर उलटली होती.

नाटक परत लिहिलं. दादाशी एकच करार झाला, नाव आणि गाव बदलायचं. हे करताना मला पत्रिका आठवत होतीच. पुन्हा मीच एक नाव खोडत होतो. पण दादाची पोरगी खरी होती, सोयरीक खरी होती. मी शब्द दिला.

मे महिन्यात एका रविवारी रात्री नाटक झालं. समाजमंदिरात नाही, मोठीमायच्याच अंगणात. एक बल्ब, खाली सतरंज्या, चाळीसेक माणसं. हैदराबादचं पोरगं काका झालं, माझा एक विद्यार्थी मोठबा, आणि बी. ए. करणारी आमच्यातली एक मुलगी मोठीमाय. सुताराकडून लाकडी धोटा करून घेतला होता. सुरुवातीला तो धोटा पोरांच्या हातातून हातात जातो, मोठबाच्या पुढं येतो आणि परत वळतो. मग खोली. खडूनं सतरंजीएवढा चौकोन आखला आणि त्यात अकरा जणांना उभं केलं, प्रेक्षकांतूनच बोलावून. माणसं हसली, मग घामाघूम झाली, मग हसायची थांबली. पाळी बदलून घ्यायचा प्रवेश अगदी छोटा ठेवला. तीन रुपये देतो, घड्याळ बघतो, दोघं एका वेळी वळकटी सोडतात. बस. रमाईच्या प्रवेशाला पोरानं नुसता पदर घेतला आणि गोवरी थापली. तो आजोबा मागं खांबाला टेकून उभा होता. नाटकाला येणार नाही म्हणाला होता.

मधे पाच मिनिटं दुष्काळ. ती मुलगी खडी फोडते आणि एकेक मनीऑर्डर मोजते. त्यात संवाद नाही.

शेवटी पत्रिका. पुतण्या झालेला मुलगा उभा राहून 'शोकाकुल' वाचतो. मुलं, सुना, नातवंडं, जावई. व समस्त मित्रपरिवार. तिथं त्यानं थांबायचं आणि बल्ब घालवायचा, असं ठरलं होतं. तो थांबला. बल्ब घालवायच्या आत सतरंजीवरून मोठीमायचा आवाज आला. तिनं काकांचं नाव घेतलं. पूर्ण, बापाच्या नावासकट, महाडकडच्या गावासकट. ते गाव तिला ठाऊक असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पोरगं गांगरलं. माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मग त्यानं ते नाव जसंच्या तसं वाचल्यासारखं मोठ्यानं म्हटलं.

ते नाव मी इथंही छापत नाही. दादाला दिलेला शब्द आहे, आणि कोकणातल्या घरच्यांना मी विचारलेलं नाही. छापलं असतं तर नावापुढं काय लिहायचं हा घोळ आहेच. पुढं १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टानं अशा जोड्यांना लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला, तेव्हा कायद्यातही अजून शब्द नाही.

दादा दाराच्या चौकटीत बसून होता. उठून गेला नाही. कुणाशी बोललाही नाही. माणसं पांगल्यावर सतरंज्या त्यानंच झटकल्या आणि घड्या घातल्या.

पोरांना वाटत होतं मोठीमाय रडेल. तिनं त्या बी. ए.वाल्या मुलीला जवळ बोलावलं.

"खडी फोडताना मांडी घालून बसती का गं कुनी? पाय तुटंल. उकिडवी बस. डावा पाय फुडं घे, त्याच्या आडूशाला दगड. हां. आन् तोंड बाजूला कर, कपरी उडत्यात."

मुलगी अंगणातच उकिडवी बसली. मोठीमायनं वाकून तिचा पाय धरून नीट ठेवला.